जिन्याशेजारची खोली

५ फेब्रुवारी, गुरुवार

आजपासून राग वहीत काढायचा असं ठरवलंय. दुकानात काढला की गिऱ्हाइकं घाबरतात आणि काम बिघडतं. काल रागाच्या भरात एका शाळकरी पँटचा उजवा पाय दोन बोटं आखूड कापला. आता त्या पोराला नवी पँट माझ्या पदरचं कापड घालून शिवून द्यायची.

राग समितीचा. आमच्या भागाच्या आरोग्य केंद्रात यंदा काय काय सुरू करायचं त्याचा आराखडा ठरवायला एक समिती नेमलीय आणि तिच्यात मी आहे. मी म्हणजे कोपऱ्यावरच्या शिवणाच्या दुकानाची बाई. मला घेतलं ते माझी थोरवी पाहून नव्हे. शेजारचे घड्याळवाले काका साखरेचे जुने पेशंट. रक्त तपासायला त्यांना उपाशीपोटी दोन बस बदलून मोठ्या इस्पितळात जावं लागतं. गेल्या महिन्यात दुसऱ्या बसमध्ये घेरी येऊन पडले, कपाळाला टाके पडले. त्या दिवशी मी आरोग्य केंद्रात जाऊन असा काही तमाशा केला की मला गप्प बसवायला त्यांनी खुर्चीच देऊन टाकली. गप्प बसेन असं त्यांना वाटलं, ही त्यांची चूक.

केंद्रात एकच खोली मोकळी आहे, जिन्याशेजारची. एक खिडकी, एक बेसिन, भिंतीला नुकताच दिलेला पिवळट रंग. सध्या प्रयोग म्हणून दर बुधवारी तिथे एक बाई येऊन बसते. समुपदेशक. लोक आत जाऊन दार लावतात आणि तिच्याशी मनातलं बोलतात म्हणे. आराखडा बनवायला जी चष्मेवाली मुलगी वरून पाठवलीय, तिला ही खोली कायमची या बोलण्याच्या कामाला द्यायचीय. मला तिथे रक्ततपासणी हवी. अध्यक्षांनी नियम वाचून दाखवला: खोली एक, सेवा एक. अध्यक्ष निवृत्त डॉक्टर आहेत आणि नियम असा वाचतात की जणू औषधाचा डोस सांगताहेत.

रात्री जेवताना ह्यांना सगळं सांगितलं. म्हटलं, "बोलायला काय खोली लागते माणसाला? माझ्या दुकानात लोक दिवसभर फुकट बोलतात, वर पाणी मागतात. आणि आत जाताना कुणी पाहिलं तर? गल्लीभर होईल. वेड्यांची खोली म्हणतील लोक!"

हे ताटातलं अर्धं तसंच ठेवून उठले. हल्ली बोलतच नाहीत. बस चालवायची, घरी यायचं आणि खिडकीपाशी बसायचं. गेल्या वर्षी त्यांच्या बसखाली एक मोटारसायकलवाला पोरगा आला, पण चौकशीत हे साफ सुटले. चूक त्याची होती, तसं लिहूनच आलं. मग आता कसलं तोंड पाडून बसायचं? संपलं ना ते.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

काल स्वारी खुशीत होती. घरी आल्या आल्या माझ्या मशीनचा करकरणारा पट्टा बदलून दिला, चहा मागितला, चहा पितापिता थोरलीला फोनसुद्धा लावला. लेक सासरी गेल्यापासून मी सांगितल्याशिवाय कधी फोन लावला नव्हता. मी म्हटलं, "आज काय विशेष?" तर म्हणे, "काही नाही, बुधवार."

आज पुन्हा ये रे माझ्या मागल्या. डबा निम्मा परत. मी पहाटे उठून डबा करायचा आणि तो असा हिंडून परत यायचा. मला इतका संताप आला की डब्याचं झाकण आपटलं. ते म्हणाले, "हळू." एवढंच. मग मी दुसरं झाकणही आपटलं.

गल्लीत घरोघरी जाऊन आले. सगळ्यांना सांगितलं, शनिवारी शाळेच्या हॉलमध्ये या, मत द्यायचंय, काकांसाठी या. बायका म्हणाल्या, "तुम्ही आहात ना, मग झालं." तेही खरंच.

२१ फेब्रुवारी, शनिवार

पाय दुखताहेत पण लिहिल्याशिवाय झोप यायची नाही.

मत म्हणजे चिठ्ठी टाकायची असं मी धरून चालले होते. तसं नव्हतं. चष्मेवालीने हॉलच्या भिंतीवर मोठा तक्ता लावला होता. त्यावर चौकोन: दात, डोळे, रक्ततपासणी, व्यायाम, मनाचं आरोग्य, अजून काय काय. दारात प्रत्येकाच्या हातावर तीन लाल ठिपके द्यायचे, टिकलीएवढे, मागे गोंद असलेले. ज्याला जे हवं त्याने त्या चौकोनात लावायचे. "म्हणजे लोक काय म्हणताहेत ते सगळ्यांना समोर दिसतं," असं म्हणाली. तिने आधी दुसऱ्या दोन भागांत असंच केलं होतं, म्हणे छान झालं. शिकलेल्या लोकांना खेळ फार आवडतात.

मी तक्त्याशेजारीच उभी राहिले. कुणीतरी शिस्त लावायला नको? लोक ठिपके घेऊन नुसते घुटमळत होते. जाणाऱ्या प्रत्येकाला मी चौकोन दाखवत होते. "रक्ततपासणी इथे. इथे लावा. नाही हो, हे दातांचं." मग गर्दी वाढली आणि गल्लीतल्या बायका म्हणाल्या, "आमचेही तुम्हीच लावा, आम्हाला उशीर होतोय." माझ्या तळहातावर लाल ठिपक्यांचा थर बसला. मी भराभर लावत सुटले. चष्मेवाली धावत आली.

"काकू, ज्याचे त्याने लावायचे आहेत."

"त्यांनी माझ्याकडे दिलेत, माझ्यावर विश्वास आहे त्यांचा. तुझ्यावर नाही, त्याला मी काय करू?"

हॉल हसला. ती गोरीमोरी झाली आणि मागे जाऊन उभी राहिली.

हे रांगेत सगळ्यात शेवटी. तक्त्यासमोर येऊन उभे राहिले ते राहिलेच. ठिपका बोटाच्या टोकावर धरलेला आणि नजर भलतीकडेच, त्या मनाच्या चौकोनावर. तिथे एकही ठिपका नव्हता, पांढराशुभ्र. म्हटलं, वाचायला चष्मा नाही आणला की काय. "अहो, इकडे! मागे लोक खोळंबलेत." ते दचकले. मग तिन्ही ठिपके माझ्या हातावर ठेवून म्हणाले, "तूच लाव." मी लावले.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

जिंकले!

रक्ततपासणीच्या चौकोनात कागद दिसेना, इतके ठिपके. मनाच्या चौकोनात एक. तोही नंतर सापडला, म्हणजे हॉल रिकामा झाल्यावर कुणीतरी परत येऊन लावला असावा. सभेत चष्मेवाली शेवटपर्यंत अडून बसली. "पण बुधवारी तिथे एकही वेळ रिकामी नसते. माणसं येतात. मी पाहिलंय."

"मग ठिपके का नाही लावत ती माणसं? हात मोडलेत?"

"सगळ्यांसमोर कसे लावतील, काकू?"

"लाजण्यासारखं काम असेल तर सरकारी खोली कशाला हवी त्याला?" असं मी म्हटलं आणि अध्यक्ष मान डोलवून म्हणाले की मुद्दा आहे. मुलगी वहीत काहीतरी खरडत बसली. समुपदेशकबाईंचा प्रयोग या महिन्याअखेर संपणार. त्यांना दुसऱ्या भागातल्या केंद्रात पाठवताहेत.

घरी येऊन मी अक्षरशः नाचत सांगितलं. हे म्हणाले, "चांगलं झालं. काकांची सोय झाली." आणि न जेवता आडवे झाले. बायकोचं कौतुक करायला माणसाला काय पडतं? दोन शब्द. मी भांडी घासताना इतकी आदळआपट केली की वरच्या मजल्यावरून विचारणा झाली.

१२ मार्च, गुरुवार

काल रक्ततपासणी सुरू झाली. पांढरी चादर, नवी खुर्ची, दारावर पाटी. पहिली सुई घड्याळवाल्या काकांना. घरून चालत आले, रक्त दिलं, चालत परत गेले आणि घरी जाऊन नाश्ता केला. माझा हात हातात घेऊन डोळ्यांत पाणी आणलं त्यांनी. म्हणाले, "पोरी, माझं मरण टाळलंस." मीही रडले. चांगलं काम केलं की बरं वाटतं, लपवायचं काय त्यात.

फक्त घरात अंधार. हे आता बुधवारीही बोलत नाहीत. कालचा डबा तर उघडलाच नव्हता. आणि एक गोष्ट माझ्या डोळ्यांत भरलीय. गणवेशाच्या शर्टाला हल्ली डिझेलचा वास येत नाही. कॉलर स्वच्छ. आधी धुवून धुवून माझे हात सोलवटायचे. डेपोत नव्या बस आल्या असतील. विचारलं तर "हं" म्हणाले. या "हं"चा मला भयंकर राग येतो. आमच्या घरात माणूस राहतो की भिंत?

१९ मार्च, गुरुवार

ह्यांच्या कोपराच्या आत काल कापूस चिकटवलेला दिसला. म्हटलं, "हे काय?"

"साखर तपासून घेतली. तुझ्या खोलीत."

बघा! चाळिशीच्या पुढच्या कुणालाही तपासून देतात, पण लोकांना सांगून सांगून घसा बसतो. हे न सांगता गेले. इतके दिवस मी उगाच चिडत होते. माणूस तोंडाने बोलत नसला तरी बायकोच्या कामाची कदर आहे त्याला. आज डबा मन लावून केला.

२८ मार्च, शनिवार

अक्षर कसंही येतंय.

बुधवारी ह्यांच्या हाताला पुन्हा कापूस. साखर नॉर्मल आली असताना दर आठवड्याला कशाला सुई टोचून घेतात? मला वाटलं, काहीतरी मोठा आजार आहे आणि माझ्यापासून लपवताहेत. विचारायला गेले की उठून बाहेर.

आज दुपारी ह्यांच्याच बसवरचे कंडक्टर पँटची कंबर सैल करायला दुकानात आले. मी टेप लावता लावता म्हटलं, "भावजी, ह्यांची तब्येत काय म्हणते? तुम्ही दिवसभर बरोबर असता."

ते माझ्याकडे बघतच राहिले. "वहिनी, मी कसा बरोबर असेन? ते येतच नाहीत."

"येत नाहीत म्हणजे?"

"जानेवारीपासून रजेवर आहेत. तुम्हाला... तुम्हाला माहीत असेल असं वाटलं."

मग एकेक करून बाहेर पडलं. जानेवारीत एका सकाळी ह्यांनी भररस्त्यात बस थांबवली. चावी काढून भावजींच्या हातात दिली, खाली उतरले आणि फुटपाथवर बसले. पुन्हा बसमध्ये चढेनात. चालवायला नाहीच, प्रवासी म्हणूनसुद्धा नाही. साहेबांनी सांगितलं, बरं वाटेपर्यंत घरी राहा.

घरी! घरी कुठे होते? रोज सकाळी इस्त्रीचा गणवेश घालून, माझा डबा घेऊन हा माणूस कुठे जात होता?

"आणि तुम्ही मूग गिळून बसलात?" मी भावजींवर ओरडले. टेप त्यांच्या कमरेला तसाच. "दोन महिने! दारावरून जाता-येता हात करत होतात ना मला?"

"त्यांनी शपथ घातली होती, वहिनी."

"कसली शपथ? मला काय झालं होतं? मी वाघीण आहे? खाणार होते मी त्यांना?"

भावजी पँट तशीच टाकून गेले.

१ एप्रिल, बुधवार

दुकान बंद ठेवलं आणि ह्यांच्या मागे मागे गेले. चोरासारखी. डेपोच्या वळणावर वळलेच नाहीत. सरळ आरोग्य केंद्रात.

मी पोचले तेव्हा ते जिन्याशेजारच्या खोलीसमोर बाकावर बसले होते, रांगेत. बाही वर केलेली. रक्त काढणारी मुलगी दारातून म्हणाली, "या काका, नंबर आला तुमचा." आणि हे उठले. मुकाट्याने. जशी शाळेतली पोरं उठतात.

मी मधे जाऊन उभी राहिले. "ह्यांना काही झालेलं नाही. दुसऱ्याला घ्या."

ती मुलगी म्हणाली, "मीही तेच सांगते यांना. रिपोर्ट सगळे छान आहेत. तरी दर बुधवारी येतात."

मी ह्यांना बाकावर बसवलं. "काय चाललंय हे?"

"हळू बोल."

"बोलते हळू. सांगा."

त्यांनी वर केलेली बाही खाली ओढली. मग म्हणाले, "त्या बाई असायच्या ना इथे, बुधवारच्या. त्यांच्याकडे यायचो. जानेवारीपासून. बाकीचे दिवस इथेच बाकावर बसायचो. इथे कुणी विचारत नाही, दवाखान्यात माणूस बसलेलाच असतो."

मी दारावरची पाटी वाचली: रक्ततपासणी.

"त्या गेल्या हे माहीत होतं मला. तरी बुधवारी पाय इकडेच आले. दारात गेलो तर या मुलीने विचारलं, रक्त द्यायचंय का? आता काय सांगणार तिला? दिला हात पुढे." मग दाराकडे बोट करून, "खोली तर तीच आहे ना."

अरे देवा. मी काय करून बसले.

"त्यांना काय सांगायचात?"

"तो पोरगा दिसतो मला. डाव्या आरशात. बस सुरू केली की दिसतो. त्या म्हणाल्या होत्या, हळूहळू कमी होईल. होतही होता."

"मग मला का नाही सांगितलंत? मी मेले होते?"

"तू चिडतेस."

"मी कुठे चिडते!"

इतक्या जोरात ओरडले की कुणाचं तरी तान्हं दचकून रडायला लागलं आणि अख्खा बाक आमच्याकडे वळला. हे माझ्याकडे बघत होते. रागाने नव्हे. रागाने बघितलं असतं तर सोसलं असतं.

९ एप्रिल, गुरुवार

आजच्या सभेत मी काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही, वहीला भोकं पडतील.

एवढे दिवस कुणाच्याही डोक्यात आलं नाही अशी गोष्ट: रक्त उपाशीपोटी द्यायचं असतं. म्हणजे सकाळीच. अकराच्या आत ती खोली रिकामी होते आणि कुलूप लागतं. उरलेला अख्खा दिवस ती पांढरी चादर, नवी खुर्ची, पिवळट भिंत कुलपात! आणि आम्ही काय भांडत होतो, हे की ते, हे की ते. घड्याळवाल्या काकांना सकाळ पुरली असती, बुधवारच्या बाईंना दुपार. मी शिवण करणारी बाई, एका कापडातून दोन कपडे निघतात का हे बघितल्याशिवाय कात्री लावत नाही. इथे का नाही बघितलं? कारण मला जिंकायचं होतं.

अध्यक्ष म्हणाले, "बाई, खोली एक, सेवा एक. आराखडा मंजूर होऊन वर गेलाय. शिवाय हा लोकांचा कौल आहे. आपणच आग्रह धरला होतात."

"कसला लोकांचा कौल? निम्म्याहून जास्त ठिपके माझ्या एकटीच्या बोटांनी लागलेत! ज्यांचे लावले त्यांना मी विचारलंसुद्धा नाही."

"पुढच्या वर्षीच्या आराखड्यात विचार करू."

"वर्षभर माणसाने काय करायचं? बाकावर बसून रक्त देत राहायचं?"

कुणाला काही कळलं नाही. चष्मेवालीला कळलं असावं. ती जिन्यात माझ्याजवळ आली. मला वाटलं समजूत घालेल. तर म्हणाली, "मी सांगितलं होतं, काकू. तुम्ही सगळ्यांसमोर मला हसण्यावारी नेलंत." तिच्यासारखं एक माणूस माझ्या घरात आहे, त्यालाही मी असंच गप्प केलंय.

मग तीच म्हणाली, वेळ वाटून घेण्याचा अर्ज करता येतो, तिने नमुना आणलाय, पण निम्म्या समितीच्या सह्या लागतील. मी म्हटलं, सह्या मी आणते. घरोघरी जायची सवय आहे मला. समुपदेशकबाई आता कुठे बसतात तेही तिने सांगितलं. मोठ्या इस्पितळाच्या पलीकडच्या केंद्रात. दोन बस.

दोन बस, आणि हा माणूस एका बसच्या पायरीवर पाय ठेवू शकत नाही.

१५ एप्रिल, बुधवार

चालत गेलो.

सकाळीच निघालो. दुकानाला कुलूप. ह्यांना गणवेश घालू दिला नाही, साधा शर्ट काढून दिला. बस शेजारून गेली की ते आतल्या बाजूला सरकायचे, म्हणून मी रस्त्याच्या बाजूने चालले. वाटभर मी अध्यक्षांच्या नावाने शंख करत होते. नियमांच्या नावाने, ठिपक्यांच्या नावाने, ज्याने कुणी ते लाल गोंदाचे कागद शोधून काढले त्याच्या नावाने. पुलावर पोचल्यावर हे म्हणाले, "अगं, दम तरी घे." पुलाच्या कठड्याला टेकून मी दम घेतला आणि मग पुढे चाललो. घोटे सुजलेत. उद्या पायडलवर पाय ठेवताना कळेल. माझा राग गेलेला नाही, जाणारही नाही. पण तो आता ह्यांच्यावर काढायचा नाही एवढं मला स्वतःला बजावायचंय, आणि ते मला जमेल की नाही याची खात्री नाही.

हे आत गेले, दार लागलं. मी बाहेर बाकावर. समोर एक तरुण बाई वर्तमानपत्र अगदी नाकाशी धरून बसली होती. इतक्या जवळून कुणी वाचत नाही. पान उलटताना चेहरा दिसला. आमच्याच गल्लीतली, बेकरीवाल्याची सून. मागच्या वर्षी तिचं बाळ पोटातच गेलं. तेव्हा आम्ही सगळ्या बायका तिला म्हणालो होतो, तरुण आहेस, होईल दुसरं. मीही म्हणाले होते.

मला पाहून तिचा चेहरा पांढरा पडला. मी उठून तिच्या शेजारी जाऊन बसले.

तीच हळूच म्हणाली, "काकू, तुम्ही इथे कशा?"

"आमचे हे आत आहेत." मी आवाज खाली आणला नाही. बाकावरच्या दोघातिघांनी वळून पाहिलं, पाहू देत. "दर बुधवारी यायचंय त्यांना. बरं नाही त्यांना. मनाने."

तिने वर्तमानपत्राची घडी घातली, पुन्हा उघडली. "तुम्ही गल्लीत कुणाला सांगणार नाही ना?"

"तुझं नाही सांगणार," मी म्हटलं. "आमचं मात्र घरोघरी जाऊन सांगणार आहे."

ती रडायला लागली. मी तिचा हात धरून बसले, आणि आतून दार उघडेपर्यंत एक शब्द बोलले नाही.